घडीच्या होडीला टाके

माझी ताई आजारातून उठली, पण तिचा डावा हात काही उठला नाही. त्या हाताला ती 'पाहुणा' म्हणायची. "बसून खातो, कामाचं नाव काढत नाही." ऐकणारे हसायचे, ती हसायची नाही. सायकल दुरुस्तीचं दुकान तिनं बंद केलं आणि दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडू लागली. मला ते बघवेना. माझी ताई अशी नव्हती हो! अख्ख्या गल्लीला तिच्या आवाजानं जाग यायची.

त्यात भावजींनी अडगळ काढायला घेतली आणि कपाटामागून आमची घडीची होडी निघाली. नळ्या एकमेकींत अडकवून सांगाडा करायचा, त्यावर रबरी कापडाची खोळ चढवायची, की दोघींपुरती कयाक तयार. पूर्वी सुट्टी मिळाली की ती पाठीवर मारून आम्ही बहिणी तलावावर जायचो आणि मधल्या बेटावर तंबू ठोकायचो.

"कुणाला देऊन टाकू का?" भावजींनी विचारलं.

"द्या," ताई भिंतीलाच म्हणाली. "आता कोण जाणार आहे?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मी जाणार आहे. येत्या रविवारी. आणि तुला घेऊन जाणार आहे."

"मला?"

"नाहीतर काय त्या भिंतीला?"

बोलून तर बसले. खोळ उलगडली तर घडीवरच वीतभर फाटलेली. पण मी काय हार मानतेय! सोफ्याची कव्हरं शिवण्यात माझा जन्म गेलाय. जाड दोरा घेतला आणि मशीनवर दुहेरी शिलाई मारली. फाटलेलं संपलं की तिथंच थांबायचं नाही, बोटभर पुढे जाऊन मग दोरा तोडायचा, म्हणजे शिवण उसवत नाही. ही आमची धंद्यातली सवय. काम असं देखणं झालं की मीच माझी पाठ थोपटली.

मग अंगणात सांगाडा जोडून होडीत बादलीभर पाणी ओतलं. टाक्याटाक्यातून धार! भावजी पोट धरून हसायला लागले.

"हसा, हसा! दात दाखवायला काय लागतंय?" मी ओरडले.

आमचा दंगा ऐकून ताई भिंत धरत धरत दारात आली. तिनं होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुईनं शिवलंस? अगं शहाणे, भोक बुजवायला भोकं पाडलीस? ट्यूबला कधी कुणी टाके घालतं का?" आणि ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"मग सांग ना कसं करायचं," मी म्हटलं.

ती खुर्ची ओढून बसली आणि माझ्या मागे लागली. टाके उसव. कानशीनं घास. अगं, खाजवतेस काय, घास! पंक्चरचं सोल्यूशन लाव, आता हात लावू नकोस, सुकू दे. म्हटलं ना, सुकू दे! इतकी बोलणी मी लहानपणीही खाल्ली नव्हती, आणि खाताना इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. ठिगळ बसलं. पुन्हा पाणी ओतलं, तर एक थेंब बाहेर येईल तर शपथ.

रविवारी तलावावर भावजींनी आमच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले. "जपून हं," एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. ताई पुढे बसली, मी मागे बसून वल्हवत होते. किनारा मागे पडला, बेटावरची झाडं वेगवेगळी दिसू लागली, आणि ताई म्हणाली, "पाणी येतंय."

मी मान पुढे काढून पाहिलं. ठिगळाच्या पुढे बोटभर माझ्या उसवलेल्या टाक्यांची भोकं राहिली होती, ती मी विसरलेच होते! दोरा निघाल्यावर अंगणात रिकाम्या होडीत त्यांची तोंडं मिटलेली होती, आमच्या वजनानं ती ताणून उघडली होती.

"ताई, चुकलं माझं. मी होडी वळवते."

"वळवशील तर याद राख."

"अगं, पण..."

"भिंतीकडे मी परत जाणार नाही. तू वल्हव!"

तिनं उजव्या हातानं डावा हात उचलला आणि त्याचा तळवा त्या भोकांवर ठेवला. थोडा वेळ वरून दाबून धरला, मग हळूच उजवा हात काढून घेतला. डावा तिथंच राहिला. पाणी थांबलं. मोकळ्या हातानं ती मगानं आत आलेलं पाणी उपसू लागली, आणि वर मलाच ओरडली, "बघतेस काय? वल्हव की!"

मी वल्हवलं. खांदे भरून आले, नाक वाहायला लागलं, मी रडतेय हे तिला कळू नये म्हणून आणखी जोरात वल्हवलं. होडीचं टोक बेटाच्या वाळूत घुसलं. मी उडी मारून उतरले आणि तिला हात द्यायला वाकले.

"चल, उतर आता."

"थांब जरा," ताई म्हणाली. "पाहुणा कामात आहे."