घराण्याची नजर

आमच्या ह्यांच्या घराण्यात नजर वारशाने येते. असं मी नाही, हे म्हणतात. सासरे म्हणे गावी गुहागरला ठासणीच्या बंदुकीने ऐन अमावास्येला रानडुक्कर लोळवायचे. अंधारात दोन डोळे चमकले की मधोमध गोळी! मी लग्न होऊन घरात आले तेव्हा सासरे समोरचा चहाचा कप चाचपून शोधत असत. पण हे बोलायची सोय नाही. बोललं की ह्यांचं गुहागर दुखावतं.

ह्यांचं नाव गजेंद्र. मस्कतमध्ये वादी कबीरला एका अर्बाबच्या, म्हणजे अरबी मालकाच्या, गॅरेजात फोरमन आहेत. इंजिनाचा आवाज नुसता ऐकून रोग सांगतात, त्यामुळे डोळ्यांचं काय चाललंय ते गॅरेजात कुणाला कळलंच नाही. मला कळलं. मागच्या वर्षी एका शिंप्याच्या दुकानाबाहेर पांढरा डिशडाशा, इथला तो पायघोळ झगा, घातलेला पुतळा उभा होता, त्याला ह्यांनी हात कपाळाला लावून "सलाम अलैकुम, अर्बाब" केलं. पुतळा काही बोलला नाही तर घरी येईपर्यंत "लोकांना माणुसकीच उरली नाही" चालू. मी हसून हसून बेजार. तेव्हा हसले, ते हसणं पुढे अंगाशी आलं.

कारण रोज सकाळी हे आमच्या पूर्वाला आणि बिल्डिंगमधल्या अजून चार पोरांना गाडीतून शाळेत सोडतात. गेल्या महिन्यात पूर्वा घरी आली ती पांढरीफटक पडून. म्हणाली, "मम्मी, पप्पांना ना, क्रॉसिंगवरची मुलं दिसलीच नाहीत. मी ओरडले ना, स्टॉप म्हणून. तेव्हा ब्रेक." त्या रात्री मी ह्यांना सरळ विचारलं, तर म्हणाले, "पोरगी घाबरट आहे, तुझ्यावर गेलीय."

अझैब्याला एक डोळ्यांचा डॉक्टर आहे, फार चांगला म्हणतात. मी त्याची वेळ घेतली. एकदा नाही, तीनदा! एकदा ह्यांचं गॅरेजात काम निघालं, एकदा पोट बिघडलं, आणि तिसऱ्यांदा तर दवाखान्याच्या दारातून परत आले, पार्किंग नाही म्हणून. खरं कारण मला ठाऊक होतं. चष्मा लागला की गॅरेजातली पोरं दुसऱ्या दिवसापासून चाचा म्हणायला लागतील. माझं ऐकायचं नाही, पोरीचं ऐकायचं नाही. सुंभ जळेल, पण पीळ जाईल तर शपथ!

मग मी विचार केला, माझं ऐकत नाहीत ना, मग बंदुकीचं तरी ऐकतील.

वरच्या मजल्यावरच्या नौशीनने सांगितलं होतं, सहम गावाच्या आत डोंगरांकडे एका क्लबची रेंज आहे. शुक्रवार-शनिवार साध्या लोकांना रायफल चालवायला शिकवतात, बायकासुद्धा जातात. मी गुपचूप दोघांची नावं घातली आणि ह्यांच्या वाढदिवसाला सांगितलं. "घराण्याची नजर आहे," म्हटलं, "वाया कशाला घालवायची?" माणूस असा खुलला की विचारू नका. रुवीला जाऊन चट्ट्यापट्ट्यांची टोपी आणली, ती घालून फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. मी मनात म्हटलं, घाला टोपी. पन्नास मीटरवर तो कागद दिसला नाही की आपोआप अझैब्याचा रस्ता धराल.

पूर्वाला नौशीनकडे ठेवून शुक्रवारी पहाटे निघालो. गाडी अर्थात हेच चालवणार. माझ्याकडे लायसन्स आहे, तिसऱ्या खेपेला का होईना पण ओमान सरकारने दिलेलं आहे. पण हायवेवर ह्यांनी कधी स्टिअरिंग दिलं नाही. "बायकांना अंतराचा अंदाज नसतो." सहमला हायवे सोडून आत वळलो आणि मी दाराची मूठ धरली ती सोडली नाही. एका वळणावर हे म्हणाले, "उंट बघ उंट, कसा ऐटीत उभा आहे."

"अहो, पाण्याची टाकी आहे ती."

"मला सांगू नकोस," हे म्हणाले. "उंट आहे. बसतोय आता."

टाकी काही बसली नाही. आम्ही मात्र देवदयेने पोचलो.

तिथे काळे डोंगर, एक वादी, म्हणजे ओढ्याचं वाळलेलं पात्र, पाच-सहा तंबू. शिकवणारे खल्फान उस्ताद म्हणजे लष्करातून निवृत्त झालेला शिडशिडीत म्हातारा. हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलत होते. शिकणारे आम्ही दहाबारा जण, आणि त्यात आपल्या मराठी मंडळातला अनय. आयटीतला मुलगा. पिवळा गॉगल, बोटं कापलेले हातमोजे, कोपराला पॅड. सगळे व्हिडिओ बघून आलेला. उस्तादांनी तोंड उघडायच्या आत हा आम्हाला वारा समजावून सांगत होता.

उस्तादांनी रायफलीला हात लावू द्यायच्या आधी तासभर नुसते नियम सांगितले. त्यातला एक त्यांनी तीन वेळा म्हणून घेतला. "जो दिखता नहीं, उस पर गोली नहीं. और उसके पीछे क्या है, वो भी दिखना चाहिए. नहीं दिखता तो उंगली बाहर. शरम की कोई बात नहीं." आम्ही शाळेतल्या पोरांसारखं म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज ह्यांचा.

दुपारी पंचवीस मीटरवर सराव झाला. आडवं पडायचं, दस्ता खांद्यात घट्ट, डावा डोळा मिटायचा, उजव्याने नेम. ह्यांनी पाच गोळ्या झाडल्या. कागद आणून बघितला तर कोरा करकरीत! नवरीच्या चोळीचं कापड असावं तसा. हे म्हणाले रायफलीची नळी वाकडी आहे. रायफल बदलून दिली. पुन्हा पाच, पुन्हा कोरा. मग ऊन डोळ्यांवर येत होतं. मग जमीन उताराची होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मी त्या दिवशी याचि डोळा बघितलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या हो! म्हटलं, आता रात्री हळूच विषय काढायचा.

पण रात्री जेवताना ह्यांनी सासऱ्यांच्या डुकराची गोष्ट काढली आणि तो अनय चेकाळला. मोठ्या थाळ्यात भात-मटण, भोवती सगळे गोल बसलेले. हा म्हणतो, "काका, एक डाउट आहे. तुमच्या बाबांनी ते डुक्कर मारलं, की ते बिचारं वय होऊन गेलं?"

सगळे खो खो हसले. हे पण हसले, सगळ्यात मोठ्याने. आणि हसता हसता खजुराच्या ताटलीकडे हात नेला, तो ताटलीच्या शेजारी सतरंजीवर टेकला. दोनदा. मग हात तसाच मागे घेतला आणि म्हणाले, "नको, गोड जास्त होतं."

ह्यांना कळत होतं! इतके दिवस मला वाटत होतं हे हट्टी आहेत, ह्यांना कळतच नाही. त्यांना सगळं कळत होतं, आणि हा माणूस एकटा मनातल्या मनात घाबरत होता. विषय काढायला माझी जीभ उचलली नाही. त्या अनयच्या मात्र मुस्काटात द्यावीशी वाटली.

शनिवारी सकाळी परीक्षा. पन्नास मीटर, प्रत्येकाला दहा गोळ्या. काडतुसं लाकडाच्या ठोकळ्यात खोचून दिलेली. दहातल्या सहा कागदावर लागल्या की सर्टिफिकेट. माझ्या उजवीकडे हे, त्यांच्या पलीकडे अनय. शिट्टी झाली आणि सगळीकडून फटाफट आवाज सुरू झाले.

मी पहिली गोळी भरता भरता सहज शेजारी बघितलं. ह्यांनी डावा डोळा घट्ट मिटला होता. उजव्यातून पाणी गालावर ओघळत होतं. टोपी मागे सरकली होती आणि टक्कल उन्हात लाल झालं होतं. तोंड असं झालं होतं जसं गर्दीत हात सुटलेल्या लहान पोराचं होतं. पलीकडून अनय म्हणाला, "काका, आज तरी डोंगराला सोडा."

मला काय झालं कोण जाणे. ज्यासाठी एवढा घाट घातला, महिनाभर कट केला, ते सगळं फळाला आलं होतं. नुसतं गप्प पडून राहायचं होतं. आणि मी काय करावं? मी माझी रायफल थोडी उजवीकडे वळवली, ह्यांच्या कागदावर नेम धरला आणि दहाच्या दहा गोळ्या तिकडे झाडल्या. एकेक करून, श्वास रोखून, उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे. उगाच नाही, वीस वर्षं ह्या माणसाच्या चुकांवर नेम धरतेय, सराव आहे.

कागद आणले. अनय स्वतःहून पुढे होऊन वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलला. "गजेंद्र काका... सात! चार तर काळ्यात आहेत!" टाळ्या पडल्या. माझा कागद कोरा. "काकू, तुम्ही काय, काकांकडून नळी वाकडी घेतलीत का?" असं म्हणून तो हसला. मी पण हसले. करायला गेले गणपती, झाला मारुती!

आणि मग माझी मलाच अशी चीड आली. अगं बाई, काय केलंस हे? आता ह्यांना डॉक्टरकडे कोण नेणार? हे सर्टिफिकेट गाडीत काचेला लावतील आणि उद्या रविवारी, इथे शाळेचा आठवडा रविवारीच सुरू होतो, पाच पोरं घेऊन शाळेला निघतील. त्या क्रॉसिंगवरून. घटकाभराच्या दयेपायी मी पोटच्या पोरीच्या जिवावर उठले होते. खाली खडीवर बसून घ्यावं आणि भोकाड पसरावं असं वाटलं.

हे पुढे गेले. मला वाटलं आता भाषण होणार, गुहागर, अमावास्या, डुक्कर. पण हे सरळ उस्तादांपाशी जाऊन थांबले. उस्तादांनी ह्यांचा हात हातात घेतला, दोघं बाजूला गेले, बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. म्हातारा ह्यांच्या खांद्यावर थोपटत होता. मला वाटलं कौतुक चाललंय, आणि मी अजूनच चिडले.

सामान घेऊन गाडीपाशी आलो. हे सवयीने स्टिअरिंगकडच्या डाव्या दाराशी गेले, थांबले, बॉनेटला वळसा घालून उजवीकडे आले. माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

"हे काय?" मी म्हटलं. "सात गोळ्या मारणाऱ्या माणसाने बायकोला गाडी द्यायची?"

"बस आधी," हे म्हणाले. मी बसले. हे समोर काचेतून बघत होते. "मी एकही झाडली नाही."

"म्हणजे?"

"दहाही काडतुसं ठोकळ्यात तशीच होती. उस्तादांना नेऊन दिली. उजव्या डोळ्याने बघितलं तर कागद नव्हता गं. डोंगर पण नव्हता. नुसतं पांढरं. म्हटलं, दिसत नाही तर बोट बाहेर. तसाच पडून राहिलो." टोपी काढून मांडीवर ठेवली. "पडल्या पडल्या मनात आलं, ही तर एवढीशी बंदूक. समोर नुसता कागद, मागे डोंगर. तरी म्हातारा म्हणतो, दिसत नाही तर झाडू नको. आणि मी रोज सकाळी पाच पोरं गाडीत घालून..."

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले.

"आणि तू माझ्या कागदावर कशाला झाडल्यास?"

"लोक हसले असते."

"हसले असते तर हसले असते."

"मला नसतं बघवलं," मी म्हटलं. "मेले कुठले."

ह्यांनी टोपी मांडीवरून उचलून मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाले, "जाताना अझैबा लागतंच. तो डॉक्टर शनिवारी संध्याकाळी असतो, तूच सांगितलं होतंस. पार्किंग नसलं तर तू मला दारात सोड आणि मग लाव गाडी."

म्हणजे तिन्ही वेळा सगळं ऐकलं होतं ह्या माणसाने! मी डोळे पुसले, आरसा नीट केला, गाडी सुरू केली. रस्ता खडबडीत, दोन्ही बाजूंना काटेरी झाडं. पहिल्याच वळणावर हे दचकून म्हणाले, "हळू! उंट आहे पुढे."

मी बघितलं. कालचीच टाकी, कालच्याच जागी. हो म्हणायचं ओठांवर आलं होतं.

"टाकी आहे ती," मी म्हटलं. "पाण्याची."

ह्यांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. टाकी आमच्या शेजारून मागे गेली.

"असेल," हे म्हणाले.