माझी तात्पुरती बहीण

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटात धूळ खाणारी नव्हे. माझ्यात कागद नाहीत, कोडच्या जेमतेम साठ ओळी आहेत. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये मी काम करते. पुढची गोळी किती वाजता, एवढंच मला कळतं. पण ते पक्कं कळतं, असा माझा तोरा आहे.

माझा जन्म वैतागातून झाला. फोन दोन जातींचे, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. म्हणून एकच अ‍ॅप दोन टेबलांवर दोनदा लिहिलं जाई. इकडे सापडलेली चूक तिकडे तशीच राही. एका टेबलावर आमची आक्का बसायची. ती सगळ्यांना दटावते म्हणून ऑफिसने तिला हे नाव दिलं होतं. तिच्या बाबांना हृदयाच्या गोळ्या होत्या. दोन गोळ्यांमधलं अंतर कमी झालं की त्यांना भोवळ यायची. तिचा फोन एका जातीचा, तिच्या दादाचा दुसऱ्या जातीचा. वेळेचं गणित एकदाच मांडायचं आणि दोन्हीकडे तेच जोडायचं, असं ठरवून तिने मला लिहिलं. पहिल्या दिवशी दोन्ही फोन एकदम वाजले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अगदी फुलून गेले.

पण मित्रांनो, सामाईक असण्याचंही एक दुखणं असतं. मला हात लावायचा तर दोन्ही अ‍ॅप तपासावी लागतात. पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या घाईरावांना एक छोटा बदल हवा होता: गोळीच्या पाच मिनिटं आधी हलकी सूचना. साहेब डोक्यावर बसले होते आणि आक्का रजेवर होती. त्यांनी माझी नक्कल केली, आपल्या अ‍ॅपमध्ये ठेवली आणि वर लिहिलं, 'तात्पुरती'. माणूस वाईट नव्हता. सोमवारी ती काढून टाकायची, असं त्यांनी खरंच ठरवलं होतं. त्या सोमवारला दोन वर्षं झाली.

मग डॉक्टरांनी सांगितलं, की सकाळची गोळी उशिरा घेतली तर पुढचीही तेवढीच उशिरा घ्यायची. आक्काने मला सुधारलं आणि दोन्ही फोन सुधारले अशा समजुतीत ती घरी गेली. माझ्या बहिणीला, म्हणजे त्या नकलेला, कोणी काही सांगितलंच नाही. फाईलला ओरडता येत नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

एका रविवारी बाबांनी आठची गोळी दहाला घेतली आणि अ‍ॅपमध्ये तशी नोंद झाली. दुपारी चारला दादाचा फोन वाजला. तो गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन बाबांकडे आला. आक्काच्या फोनात मी गप्प होते, कारण माझ्या हिशेबाने, सकाळचा दोन तासांचा उशीर धरून, सहा वाजायला हवे होते.

"दादा, थांब! माझा फोन सहा म्हणतोय."

"अगं, अ‍ॅप तूच केलंयस ना? मग खरं कोणाचं धरू?"

गोळी बाबांच्या ओठांपर्यंत गेली होती. त्यांनी ती बशीत ठेवली. "तुमचं ठरू दे. तोवर मी नुसतं पाणी पितो," ते म्हणाले.

दादा हसला. आक्काला मात्र हसू आलं नाही. हे अ‍ॅप आणखी किती घरांत वाजत असेल, हे तिलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने घाईरावांशेजारी खुर्ची ओढली. आता खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "काल माझे बाबा पडले असते."

घाईरावांचा चेहरा उतरला. "तुला विचारायचं टाळलं मी. चुकलंच."

"मीही विचारणाऱ्याच्या अंगावरच येते ना," आक्का म्हणाली.

दोघांनी मिळून नक्कल काढून टाकली आणि त्याच दिवशी दुरुस्त अ‍ॅप सगळ्यांना पाठवलं. बहिणीकडची पाच मिनिटांची सूचना आता माझ्यात आहे. बिचारीचा काही दोष नव्हता. मला तिची आठवण येते.

मित्रांनो, सामाईक वस्तूला हात लावायचा तर आधी दुसऱ्याशी बोलावं लागतं. तेवढा कंटाळा करू नका. हल्ली मला क्वचितच कोणी उघडतं. जे उघडतात, ते पहिल्या ओळीवर थबकतात. ती कोडची ओळ नाही. आक्काने त्या दिवशी साध्या भाषेत लिहिली आहे: 'बदल हवा असेल तर इथेच करा. या वेळांवर माझे बाबा गोळी घेतात.'