न शिकवलेला प्रश्न

वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करणाऱ्या बाईंना सगळी वस्ती मावशीच म्हणायची. सख्ख्या मावशी त्या एकाच मुलीच्या होत्या, पण तो हक्क वस्तीने केव्हाच वाटून घेतला होता.

महिन्यातून एका रविवारी दुपारी मावशी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सिनेमा दाखवायच्या. सिनेमा म्हणजे नाचगाण्याचा नव्हे. एखादी बाई समुद्राच्या तळाशी जाऊन मासे मोजते आहे, एखादी यंत्रमानव बनवते आहे, असले. मुलींनी ते बघावेत आणि पुढे विज्ञानाच्या वाटेला जावं म्हणून एक ट्रस्ट पैसे द्यायचा. त्यातून प्रोजेक्टरचं भाडं निघायचं, खुर्च्या यायच्या, पोरींना बिस्किटं मिळायची. पेपर वाचायला येणारी म्हातारी मंडळी त्या दुपारी हद्दपार व्हायची आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून विज्ञानाच्या नावाने बोटं मोडायची.

आता ट्रस्टचं वर्ष संपत आलं होतं. पुढचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवायला ट्रस्टच्या एक बाई स्वतः येणार होत्या. त्यांनी फोनवर साफ सांगितलं होतं, "सिनेमे आमचे पाहिलेलेच असतात. मला नंतरची चर्चा बघायची आहे. मुली प्रश्न विचारतात का, ते."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. सिनेमा चालू असेपर्यंत पोरी डोळे फाडून बघायच्या. पण दिवे लागले आणि मावशींनी "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हटलं, की सगळ्यांना एकदम आपापल्या चपला आठवायच्या.

तोंड उघडायची ती एकच, मावशींची अकरा वर्षांची भाची. घरात तिला चौकशी-खिडकी म्हणत. फरक इतकाच, की खऱ्या खिडकीपाशी लोक प्रश्न विचारतात, इथे खिडकीच लोकांना विचारायची. मागच्या खेळाला तिने वाचनालयाच्या अध्यक्षांना विचारलं होतं, की तुम्ही शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंत? अध्यक्ष अजून मावशींशी धड बोलत नव्हते.

मावशींना या दुपारी फार प्रिय होत्या. अंधारात खोलीभर पोरी एका सुरात "आई गं!" म्हणायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर काटा यायचा. आपण आयुष्यात एक काम धड केलं असेल तर ते हेच, असं त्यांना वाटायचं. पैसे थांबले की हेही थांबणार, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

म्हणून त्यांनी चक्क तालीम घेतली. ठरलेला सिनेमा ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंचा होता. सहा शहाण्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुली निवडून त्यांनी प्रत्येकीकडून एकेक प्रश्न पाठ करून घेतला. भाचीला मात्र बाजूला बोलावलं.

"तू काय करायचंस?"

"गप्प बसायचं."

"आणि अगदीच राहवलं नाही तर?"

"घरी येऊन तुला विचारायचं. पण घरी तू म्हणतेस, आत्ता नको."

"झालं हिचं सुरू!" मावशींनी कपाळाला हात लावला.

सिनेमा लावायचं काम ऑपरेटरकाकांकडे होतं. काकांची हयात थिएटरात गेली होती. थिएटर बंद पडलं, पण काकांच्या सवयी चालूच होत्या. खेळ सुरू करण्याआधी ते पडद्याआडून एकदा पब्लिक न्याहाळायचे. त्या दिवशी त्यांना पहिल्या रांगेत ट्रस्टच्या बाई दिसल्या. करारी चेहरा, मांडीवर वही, हातात पेन. काका मनात म्हणाले, एवढी मोठी पाहुणी आणि आपण हिला तारे दाखवणार? दहा मिनिटांत झोपेल. थिएटरचा नियम त्यांना पाठ होता: पाहुणे आले की हुकमी पिक्चर लावायचा. त्यांच्याकडचा हुकमी पिक्चर म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन दगड गोळा करणाऱ्या बाईचा. त्यांनी तो लावला. कुणाला विचारायची पद्धत थिएटरात नव्हतीच.

पडद्यावर तारे उगवायच्या ऐवजी धाडकन डोंगर फुटला. मावशी वाकून वाकून काकांपर्यंत पोचल्या.

"काका, अहो, हा कुठला लावलात?"

"बघाच तुम्ही. पलीकडच्या गल्लीत शिट्ट्या पडल्या होत्या याला."

"बदला आधी!"

"चालू पिक्चर बदलला तर पब्लिक खुर्च्या मोडतं, मावशी. अनुभवाचे बोल आहेत."

मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पोरी शहाण्या आहेत, सिनेमा बदललाय म्हटल्यावर गप्प बसतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण सांगितलेलं ऐकणाऱ्या मुली त्यांनी स्वतःच निवडल्या होत्या.

दिवे लागले. पहिली मुलगी ताडकन उभी राहिली. "ताऱ्याचं वय कसं मोजतात?" मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने घाईने जोड दिली, "म्हणजे, ज्वालामुखीवरून जो दिसतो त्या ताऱ्याचं."

ट्रस्टच्या बाईंनी मान हलवून लिहून घेतलं. दुसरी उठली. "दुर्बिणीच्या आरशावर धूळ बसली तर तो कशाने पुसतात?" तिसरी उठली, "चंद्र दिवसा का दिसतो," इथपर्यंत आली आणि फस्सकन हसली. तिच्यामागे सगळी खोली हसली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे प्रश्न कुणी दिले?"

सहाही मुलींनी जमिनीकडे बघितलं. एकीनेही नाव घेतलं नाही, आणि त्या इमानदारीनेच मावशींना जास्त लाज वाटली.

"मी दिले," मावशी म्हणाल्या. "पोरींची काही चूक नाही. मला भीती वाटली, कुणीच काही विचारणार नाही."

"असं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "मग आता न शिकवलेला प्रश्न कुणाकडे आहे का?"

शेवटच्या रांगेत एक हात वर गेला. भाची मावशींकडे बघत होती. हात वर, तोंड घट्ट मिटलेलं, गाल फुगलेले. मावशींना अध्यक्ष आठवले. वाटलं, नाही म्हणावं. पण पोरीच्या तोंडाला कुलूप घालायचं आणि वर तिने विज्ञान शिकावं म्हणायचं, हे त्यांचं त्यांनाच पटेना. जातंच आहे सगळं, तर निदान असं तरी नको.

"विचार, बाळा," त्या म्हणाल्या.

भाचीने रोखलेला श्वास सोडला. "हे सिनेमे बघून आम्ही शास्त्रज्ञ होणार, हे तुम्हाला कळणार कसं?"

"आम्ही मुलींना विचारतो," बाई म्हणाल्या, "की आवडला का, विज्ञान शिकावंसं वाटतं का."

"पण त्या हो म्हणणारच! आत्ता नाही का, मावशीने सांगितलेलं सगळ्या म्हणाल्या. आणि इथे येणाऱ्या मुलींना आधीपासूनच आवडत असेल तर? मग सिनेमाने काय केलं?" ती आता खुर्चीवर चढली होती. "एका वस्तीत दाखवायचा आणि एका वस्तीत नाही दाखवायचा. मग दोन्हीकडे मोजायचं. तरच कळेल ना!"

मावशींनी डोळे मिटून घेतले. सिनेमाचा उपयोग होतो की नाही हेच कळत नाही, असं पैसे देणाऱ्या बाईंना त्यांच्याच भाचीने सांगितलं होतं. घात करायला दुसरं कुणी लागलंच नसतं.

पण तोवर पहिली शहाणी मुलगी उठली होती. "कुणाला नाही दाखवायचा? पुलापलीकडच्या वस्तीतल्यांना? हा अन्याय आहे!"

"माझी मामेबहीण तिकडेच राहते," दुसरी म्हणाली. "मी तिला गोष्ट सांगणारच. मग तुमचा प्रयोग बिघडेल."

"तू नको सांगूस!"

"मी सांगणार!"

"आणि आम्ही मोठ्या होईपर्यंत मोजणार कोण? या बाई तर तोवर म्हाताऱ्या होतील!"

"त्या ज्वालामुखीवाल्या बाईचे बूट वितळले कसे नाहीत, ते आधी सांगा!"

आता कोण कुणाला विचारतंय ते कळेनासं झालं. बाहेरच्या कट्ट्यावरची म्हातारी मंडळी काय झालं म्हणून खिडकीत गोळा झाली. ट्रस्टच्या बाई हसत होत्या, मनापासून, पदराने डोळे पुसत. हसता हसता भराभर लिहीतही होत्या.

"आमच्या समितीत इतकी वर्षं हे कुणी विचारलं नाही," त्या मावशींना म्हणाल्या. "तुमचे पैसे चालू राहतील. समितीपुढे मीच बोलते, आणि माझं म्हणणं तिथे सहसा कुणी मोडत नाही." मग त्या भाचीकडे वळल्या. "पुलापलीकडे सुरू करायलाही पैसे आहेत. पण तुला तर ती वस्ती सिनेमा न दाखवलेली, कोरी हवी आहे. सांग, काय करू?"

भाची खुर्चीवरच उभी होती. तिने ओठ चावला. नाही म्हणावं तर तिकडच्या मुलींचा सिनेमा जातो, हो म्हणावं तर प्रयोग हातचा जातो. पोर खरोखर हैराण झाली. सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"दाखवा," ती शेवटी म्हणाली. मग एकदम उजळली. "पण पहिल्या सिनेमाच्या आधी त्यांना प्रश्न विचारून ठेवा. तेच प्रश्न वर्षाने परत विचारा. म्हणजे फरक कळेल!"

मावशींना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी कशालाच आवर घातला नाही.

"छान," बाई म्हणाल्या. "मग ते प्रश्न तयार कोण करणार?"

सगळ्या पोरींनी सवयीने मावशींकडे बघितलं.

"मी नाही बाई," मावशी म्हणाल्या. त्यांनी भाचीला कमरेला धरून खुर्चीवरून खाली उतरवलं आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं. "आता हिला विचारा."