हजेरीचा फोटो

भिंगरीने आपला बटणांचा फोन सरांच्या टेबलावर ठेवला.

“यात कॅमेराच नाही, सर. फोटो कुठून टाकू?”

क्रीडा विभागाच्या सरांनी कपाळावर हात मारला. मोबाइलचं वेड सुटावं म्हणून विद्यापीठाने व्यायाम सक्तीचा केला होता, आणि तो केल्याचा पुरावा म्हणून मैदानावरचा फोटो रोज मोबाइलवरूनच टाकायचा होता. कुंपणच शेत खात होतं, दुसरं काय! मुलं मैदानावर यायची, बत्तीशी दाखवून फोटो काढायची आणि तिथेच पायऱ्यांवर बसून तो कुणाकुणाला आवडला ते बघत राहायची. रोज पळणारी भिंगरी तेवढी गैरहजर. आज संध्याकाळपर्यंत हजेरी लागली नाही, तर तिचं वर्ष जाणार होतं.

“अगं, मैत्रिणीचा फोन घे. एका मिनिटाचं तर काम.”

“माझं एक मिनिट पहाटेपर्यंत चालतं, सर. गेल्या वर्षी दोन विषय त्यातच बुडाले. आता हातसुद्धा लावणार नाही.”

“वर्ष गेलं तरी?”

आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी ती म्हणाली, “गेलं तरी. तुम्हीच मैदानावर येऊन बघा ना. रोज तिथेच असते मी.”

“मला दुसरे उद्योग नाहीत का? हे बघ, बाकीच्यांना कसं जमतं ते.”

सरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि स्वतःच थबकले. पहिल्या फोटोतल्या पोराच्या कानामागून एक मुलगी पळत चालली होती, वेणी हवेत. पुढच्या फोटोत दोघी ओठांचा चंबू करून उभ्या होत्या आणि त्यांच्या मधल्या फटीत तीच. तिसऱ्यातही तीच.

“ही तू?”

“असेन. मी कुठे बघते त्यांच्याकडे?”

सरांना हसू फुटलं.

“सुटलीस बाई!”

ते एकेका दिवसाचा फोटो उघडून तिची हजेरी लावत गेले. शेवटी या उपक्रमाच्या उद्घाटनाच्या दिवसाचा उघडला. त्यात ते स्वतःच होते: नवाकोरा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, अंगठा वर. खांद्यामागे भिंगरी पळत होती.

“पहिल्या दिवशीही हजर,” सर पुटपुटले.

भिंगरीने टेबलावरचा फोन उचलला.

“आणि त्यानंतर तुम्ही, सर?”

सरांनी नकळत पोट आत ओढून घेतलं.