ऊब देणाऱ्याकडे तोंड

सासऱ्याचं नाव कूनबोलोत, आणि तिथंच सगळं घोडं अडलं. कून म्हणजे सूर्य. कून म्हणजे दिवससुद्धा. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, नावातला तुकडाही जिभेवर येऊ द्यायचा नसतो. आजूबाजूच्या घरांत आता हे कुणी फारसं मनावर घेत नाही, पण तिच्या सासूच्या, मायरामच्या घरात पाळतात म्हणजे पाळतात. त्यामुळे आसिलकानच्या तोंडी नऊ वर्षं सूर्य उगवला नव्हता. 'ऊब देणारा वर आला' असं ती म्हणायची. तीन दिवसांना तीन पहाटा म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात एकदा चुकून शब्द निसटला, तेव्हा सासूनं भर पाहुण्यांत तिच्या हातातली चहाची वाटी काढून घेतली. "आईनं जीभ दिली, वळण द्यायला विसरली," म्हणाली. पाहुणे पोट धरून हसले. आसिलकान ते हसणं विसरली नव्हती.

तिचं स्वतःचं नाव मात्र कुणीही गिळून टाकावं असंच होतं. सुने, पाणी आण. सुने, घोडीची धार काढ. नवरा रशियात विटा रचत होता; तो फोनवर 'ए' म्हणायचा.

म्हणून त्या कागदाचं तिला एवढं अप्रूप. शहरातल्या एका संस्थेनं गावाला सोलरचे अकरा संच दिले. घडी घालून घोड्यावर लादता येणारी प्लेट, बॅटरी, दोन दिवे आणि फोन चार्ज करायची वायर. ते सांभाळायला एक माणूस हवा होता. शाळा पुरी केलेली आणि रशियाला न गेलेली अशी गावात आसिलकान एकटीच उरली होती. दोन महिने ओश शहरात राहून ती वायरी जोडायला शिकली. सासूनं जाऊ दिलं, कारण सांभाळणारीला एक संच तिच्या स्वतःच्या नावावर मिळणार होता, आणि कूनबोलोतला पत्ते कुटायला उजेड हवाच होता. कागदावर ठसठशीत लिहिलं होतं: सांभाळणारी, आसिलकान. हा कागद ती गादीच्या घडीत ठेवायची, आणि कुणी नसलं की काढून बघायची.

मे महिन्यात संच वाटले, तेव्हा नेमकं आभाळ गच्च भरलेलं. वर बोट दाखवावं तर दाखवायला काही नव्हतंच. समोर म्हाताऱ्या बायका, कारण तरुण सगळे परदेशात. आणि पाठीशी सासू, कान टवकारून. संचांसोबतच्या सूचना रशियनमध्ये, बायकांना न कळणाऱ्या. आसिलकाननं घसा कोरडा करून समजावलं. प्लेट कशी उघडायची, वायर कुठं खुपसायची. आणि शेवटी दोनदा बजावलं, "तोंड नेहमी ऊब देणाऱ्याकडे हवं. त्याच्याकडे पाठ करून ठेवायची नाही."

बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सगळा गाव गुरं घेऊन वरच्या कुरणांवर, जायलोवर गेला आणि लोकरी नमद्याचे तंबू डोंगरभर विखुरले. प्रत्येक तंबूत जाऊन संच बघावेत म्हणून आसिलकान दोनदा निघाली, दोन्ही वेळा मायरामनं लगाम धरला.

"सून काय दारोदार हिंडते का? बिघडलं तर येतील की आपल्या पायानं."

कुणी आलं नाही. त्यांनी परस्पर संस्थेला फोन लावून तक्रार केली.

ऑगस्टमध्ये संस्थेची गाडी धुरळा उडवत वर आली. इल्गिज नावाचा पोरगेलासा साहेब होता, शहरात वाढलेला. तंबूंच्या मधल्या हिरवळीवर सगळे जमले. कुमिसच्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या वाट्या फिरल्या, पण त्यानं ओठसुद्धा लावला नाही.

"अकरातले सात बंद," तो म्हणाला. "कुणी हातच लावला नसेल तर मी घेऊन जातो. पलीकडच्या खोऱ्यात लोक वाट बघतायत."

"मी तेव्हाच बोललो होतो," तोप्चूबाय म्हणाला. हा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. सांभाळायचं काम त्यालाच हवं होतं. "बायकांच्या हातात वायर दिली की दुसरं काय होणार!"

तेवढ्यात जिपार आपा उठल्या. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या, आणि रागानं लालबुंद.

"हात लावला नाही म्हणजे? अरे, पोटच्या पोरासारखी सांभाळली मी ती प्लेट! हिनं सांगितलं तस्संच केलं. ऊब देणाऱ्याकडे तोंड. चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली. रात्री उठून उठून गोवऱ्या सारल्या, चूल म्हणून विझू दिली नाही. धूळ बसू नये म्हणून वर भरतकामाचा रुमाल घातला. आणखी काय करू, मांडीवर घेऊ?"

"मीपण चुलीपाशीच ठेवली," दुसरी म्हणाली.

"माझी तर एका कोपऱ्यात वितळली."

क्षणभर कुणाला कळेना. मग हसण्याचा असा स्फोट झाला की बांधलेले घोडे दचकले. जिपार आपा भांबावून इकडेतिकडे बघत राहिल्या. आसिलकानला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सात तंबू, तीन महिने, आणि तिचाच शब्द. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. आणि तो जिपार आपांवर नव्हता.

"चुलीकडे ठेवा असं तुम्ही सांगितलंत?" इल्गिजनं तिला विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली आणि वर बोट केलं. आज आभाळ स्वच्छ होतं.

"बोट काय दाखवतेस?" तोप्चूबाय खिदळला. "जिभेला काय फोड आलाय? सांग की, कशावर चालते प्लेट! मी सांगू का?"

कुणीतरी इल्गिजच्या कानात रीत सांगितली. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"हे बघा, तुमच्या घरातल्या भानगडींत मला पडायचं नाही. चूक कळली, संच इथंच राहू देत. पण सांभाळणाऱ्याला धड समजावून सांगता आलं पाहिजे. यांना आत्ता, सगळ्यांसमोर, सरळ शब्दांत सांगता येत असेल तर ठीक. नाहीतर कागदावर यांचं नाव घालतो." त्यानं पेन तोप्चूबायकडे रोखलं.

आसिलकान सासऱ्याकडे वळली. तो पुढच्या रांगेत बसून चाबकाच्या मुठीनं बुटाचा चिखल खरवडत होता.

"आताके, एकदाच परवानगी द्या."

त्याच्या एका होकारानं काम झालं असतं. त्यानं मान वर केली नाही. "बायकांच्या गोष्टी मायरामला विचार."

"विचारायचं काय त्यात?" मायराम म्हणाली. आवाज चढवायची तिला कधी गरज पडत नसे. "घे नाव. खुशाल घे. मग आज माझ्या तंबूत पाय ठेवायचा नाही. सगळ्यांच्या देखत सांगते."

इल्गिजनं आल्याआल्या तिच्याकडून मागून घेतलेल्या कागदाची घडी उघडली. आसिलकानला लांबूनही त्यावरचं आपलं नाव दिसलं. पेन त्यावर टेकत होतं.

"कून!" ती म्हणाली.

कुणीतरी तोंडावर हात ठेवला.

"जिपार आपा, प्लेट कूनकडे ठेवायची. चुलीकडे नाही, कूनकडे! सकाळी कून त्या शिखरावरून येतो, तेव्हा तिकडे तोंड. दुपारी कून डोक्यावर, तेव्हा जरा आडवी करायची. कून कलला की तीपण कलवायची. आणि बाहेर ठेवायची, रुमाल न घालता, नाहीतर कून तिला दिसणार कसा?"

नऊ वर्षांचे तुंबलेले कून एकदम बाहेर पडले. बोलून झालं तेव्हा ती धापा टाकत होती.

"अगं बाई, मग हे आधी नाही का सांगायचं!" जिपार आपा म्हणाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

कूनबोलोत उठला, कपडे झटकले, घोड्यावर बसला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. तोप्चूबायनं मागून ओरडून घेतलं, "मोजलं हो मी! सुनेनं सातदा उद्धार केला तुमचा!" इल्गिजनं पेन खिशात घातलं. कागद होता तसाच तिच्या हातात आला.

उरलेला दिवस ती तंबूतंबूत हिंडली. आता लगाम धरायला कुणी नव्हतं. सहा प्लेटा बाहेर काढून उभ्या केल्या, वितळलेली गाडीत टाकली. बायका दारातून बघत होत्या. कुणी चहा विचारला नाही. एकीनं तर तिची सावली पडू नये म्हणून लेकीला आत ओढलं. फक्त जिपार आपा म्हणाल्या, "माझ्याकडे जागा आहे. पण गोवऱ्या संपल्यात, सांगून ठेवते. सगळ्या तुझ्यापायी जाळल्या."

अंधारू लागलं तेव्हा ती सासरच्या तंबूशी आली. तिची रजई आणि कपड्यांचं गाठोडं बाहेर गवतात फेकलेलं. मायराम दारात उभी होती. तिच्या मागं पांढऱ्याशुभ्र उजेडात कूनबोलोत आणि तोप्चूबाय पत्ते खेळत बसले होते.

"तुझं जे असेल ते उचल," मायराम म्हणाली, "आणि तोंड काळं कर."

"जे माझं असेल ते सगळं?"

"सगळं. तुझी एक काडी नको मला इथं."

"बरं, एने."

आसिलकान तंबूच्या मागं गेली. प्लेटची घडी घातली. मग पुढं येऊन दाराशी ठेवलेल्या बॅटरीची वायर उपसली आणि बॅटरी उचलून काखेत घेतली. तंबूत गुडुप अंधार झाला. पत्ते जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"अरे, काय झालं?" कूनबोलोत आतून ओरडला. "उजेड कुठं गेला? मायराम! बोल की!"



आसिलकाननं गाठोडं खांद्यावर टाकलं.

"कून मावळला, आताके," ती म्हणाली.