तिसावी जागा

उत्तर न दिलेली पत्रं दौलतराव मेंढ्यांच्या आयुष्यात फार नव्हती, कारण मुळात त्यांना पत्रं लिहिणारेच कमी. पण एक होतं. वहीतून जपून फाडलेलं पान आणि त्यावर हिंदी शाळेत शिकलेल्या मुलीचं सांभाळून लिहिलेलं मराठी. ‘सर, शेवटच्या जागेसाठी माझे आणि त्या मुलीचे टक्के सारखेच होते. मग कोणता नियम लागला, तेवढं सांगाल का? भांडायला विचारत नाही. माझ्यात काय कमी पडलं ते कळलं तर पुढे उपयोग होईल. मराठीत चुका झाल्या असतील. पायल भेंडारकर, कोहका.’

दौलतरावांनी ते तीनदा वाचलं, उद्या उत्तर लिहू म्हणाले, आणि उद्या-उद्या करता करता निवृत्त झाले. त्यालाही आता सहा वर्षं होत आली होती.

भिलाईतल्या ज्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवत, तिथं बी.ए.ला या विषयाच्या जागा तीस. तीसच का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं होतं. प्रयोगशाळेत टेबलं पंधरा. एका टेबलाला दोघं: एक प्रयोग करणारा आणि एक, ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. कुठल्याशा सुताराने कधीकाळी पंधरा टेबलं करून दिली आणि दरवर्षी किती पोरांनी मन शिकायचं ते ठरून गेलं. दुसरे विषय घरी बसून, स्वाध्यायी म्हणून परीक्षा देऊन करता येत. या विषयाला प्रात्यक्षिक असल्यामुळे ती सोय नव्हती. जागा मिळाली तर विषय मिळाला, नाही तर नाही.

यादी बारावीच्या टक्क्यांवर लागे. टक्के सारखे आले तर वयाने मोठा तो आधी. हा दुसरा नियम समितीच्या फायलीत असे. बोर्डावर फक्त नावं आणि टक्के लागत. समितीत तिघं होते, पण मानसशास्त्राची यादी दौलतराव करत आणि उरलेले दोघं चहा पितापिता सही करत.

त्या वर्षी तिसाव्या जागेवर दोन मुली आल्या. एक उतईची, रोज बसने येणार असलेली. दुसरी पायल. पायल पाच महिन्यांनी मोठी. जागा तिची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

पण आठवडाभर आधी पायलचा बाप घरी येऊन गेला होता. हिरालाल भेंडारकर भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनला, मूळचा साकोलीकडचा, म्हणजे दौलतरावांच्याच बाजूचा. येताना गावाकडच्या चिन्नोर तांदळाची थैली घेऊन आला.

“सर, आपलीच पोरगी हाये जी,” तो म्हणाला. “जातीचा दाखला महाराष्ट्रातला, तो इथं चालत नाही. खुल्या यादीतच हाये बिचारी. जरा ध्यान ठेवजा.”

दौलतराव “बघू” म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बायकोकरवी थैली परत पाठवली. तरी मन ठिकाणावर येईना. यादीवर पायलचं नाव आलं की सगळे म्हणतील, मेंढे सरांनी आपला माणूस घुसवला. स्टाफरूममध्ये कुणी तोंडावर बोलणार नाही, हसतील फक्त. त्यांनी पेन उचललं आणि उतईच्या मुलीला तीस नंबर दिला. मनाला सांगितलं, खेड्यातली आहे, तिला जास्त गरज आहे. पायल प्रतीक्षा यादीत पहिली. त्या वर्षी यादी पुढे सरकलीच नाही.

उतईची मुलगी हुशार निघाली. ती वर्गात समोर बसून प्रश्न विचारी, तेव्हा दौलतरावांना तिच्याकडे सरळ बघवत नसे. त्या पोरीचा बिचारीचा काय दोष?

हे सगळं निवांत पडून राहिलं असतं. पण जूनमधल्या एका मंगळवारी ते आधारची झेरॉक्स काढायला हुडको वसाहतीतल्या च्वाइस सेंटरवर गेले. दुकानात कॉम्प्युटरवर बसून मुलांचे कॉलेजचे फॉर्म भरून देणारी तरुणी मान वर करून म्हणाली, “बसा ना सर. पाच मिनट.” प्रवेशाच्या वेळी पाहिलेल्या चेहऱ्यावरून त्यांच्या लक्षात आलं, ही पायल.

तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती, मोना. यंदाच बारावी झालेली. फॉर्म तिचाच चालला होता.

“हिंदी साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र,” पायल बोलत बोलत टाइप करत होती.

“दीदी, मनोविज्ञान डाल ना.”

“नाही.”

“कावून नाही? अठ्ठ्याहत्तर टक्के हायेत मले.”

“मलेही होते टक्के. तिथं टक्क्यांनी नाही होत, मोना. अजून काहीतरी पाहतात ते लोक. ते आपल्यात नाही.”

“क्या देखते हैं?”

“मालूम असतं तर इथं बसली असती का मी? सोमवारपर्यंत टाइम आहे, तोपर्यंत रडून घे.”

ती हे दौलतरावांना टोमणा म्हणून बोलली नव्हती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथं राग नव्हता. एखाद्या घराला पश्चिमेकडे खिडकी नसते, तसं तिनं ते मान्य करून टाकलं होतं. त्यांची झेरॉक्स काढून दिली, वर “उन्हाचं सांभाळून जा सर” म्हणाली.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. बायकोने, ठकूबाईंनी, समोर चहा ठेवला, तो थंड झाला, तेव्हा त्यांना विचारावंच लागलं. दौलतरावांनी सगळं सांगितलं. अर्धी गोष्ट बायकोला नवीन होती.

“मले वाटलं होतं, त्या पोरीले मार्क कमी पडले,” ठकूबाई म्हणाल्या. “तांदूळ परत द्यायले तुमी मलेच धाडलं होतं कोहक्याले. त्या बाईसमोर मले मेल्यासारखं झालं. तेवढ्यावर भागलं नाही का तुमचं?”

“लोक काय म्हणाले असते?”

“अजी, लोक! आता कोणते लोक तुमचं नाव घेऊन राहिले? कॉलेजच्या चौकीदाराले याद नाही तुमी.”

“आता सांगून तिला काय मिळणार? उलट कळेल की जागा तिची होती. सहा वर्षं गेली ती माझ्यामुळे गेली. शिव्या देईल.”

“देऊ द्या ना. खा दोन शिव्या.”

“जाऊन सांगू का?”

“नोका जाऊ. तुमी तिथं जासान अन् पुस्तकातलं बोलसान. तिले वाटन, सर शिकवून राहिले. लिहून द्या.”

बुधवार त्यात गेला. पहिलं पत्र तीन पानं झालं. त्यात पक्षपात म्हणजे काय, माणूस स्वतःवरचा आरोप टाळण्यासाठी उलट बाजूला कसा झुकतो, यावर दीड पान होतं. ते वाचताना दौलतरावांना आपलीच किळस आली; चुकीचंसुद्धा व्याख्यान करून टाकलं होतं. दुसऱ्या पत्रात माफी चार वेळा आली होती. माफी मागणारा चार वेळा मागतो तेव्हा समोरच्याला ती द्यावीच लागते, असं त्यांना वाटलं, आणि तेही फाडलं.

मध्येच वाटलं, राहू द्यावं. आपल्या एका कागदाने ती मोनाचा फॉर्म बदलेल कशावरून? पण पायलचं ते वाक्य, ‘ते आपल्यात नाही’, काही केल्या कानातून जाईना. बाहेरच्या माणसावर रागावता तरी येतं. आपल्यातच काही नाही, असं एकदा मनात बसलं की ते घरात राहतं आणि धाकट्या बहिणीच्याही ताटात वाढलं जातं. आणि हे तिच्या मनात बसवलं कुणी? त्यांनीच, काहीही न लिहून.

गुरुवारी सकाळी त्यांनी अर्ध्या पानात लिहिलं.

‘चि. पायल, तुझ्या पत्राचं उत्तर. टक्के सारखे असतील तर वयाने मोठा उमेदवार आधी, असा नियम होता. तू मोठी होतीस. तिसावी जागा तुझी होती. तुझे वडील मला भेटून गेले होते, म्हणून आपल्या माणसाला घेतलं असं कुणी म्हणेल या भीतीने मी ती दुसरीला दिली. तुझ्या वडिलांची यात चूक नाही, आणि त्या मुलीला यातलं काही माहीत नाही. तुझ्यात काहीही कमी नव्हतं. यादी करताना टक्के आणि जन्मतारीख याशिवाय आणखी काही पाहत नाहीत. मी पाहिलं, तो माझा गुन्हा. हे पत्र तू कुणालाही दाखवू शकतेस, कॉलेजलाही. मोनाच्या फॉर्मची मुदत सोमवारी संपते. दौलतराव मेंढे.’

‘कॉलेजलाही’ या शब्दावर पेन बराच वेळ थांबलं होतं. मग त्यांनी तो तसाच ठेवला, खाली पूर्ण सही केली, आणि सहीखाली आपलं जुनं पद लिहिलं, म्हणजे कागदाला वजन येईल.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पत्ता वाचला. “अंकल, कोहका? ये तो यहीं है. पैदल दे आओ.”

“नहीं,” दौलतराव म्हणाले. “स्पीड पोस्ट कर दीजिए. कल पहुँच जाएगा?”

“कल, नहीं तो परसों.”

म्हणजे शुक्रवार, फार तर शनिवार. त्यांनी बोटांवर मोजलं, सोमवारच्या आत बसत होतं. बाईंनी स्टिकर लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. दौलतराव पावती हातात धरून त्या पोत्याकडे बघत राहिले, तेव्हा रांगेतला मागचा माणूस म्हणाला, “हो गया ना दादा? थोडा बाजू हो जाओ.”