कपलर कुणाचा घ्यायचा

कारखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत बाईने पाण्याची बाटली चार वेळा उघडली आणि चारही वेळा न पिताच बंद केली. गाडी चालवणारा नवरा मात्र खुशीत होता. मागे हौद्यात जुना कपलर दोराने बांधला होता आणि खड्डा आला की दणकन आपटत होता.

"आपट लेका, आपट," नवरा म्हणाला. "भंगारात जाईपर्यंत आपटून घे. म्हणे परदेशी माल."

पोकलेनच्या हाताच्या टोकाला बकेट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा म्हणजे कपलर. लहान बकेट सोडायची, मोठी धरायची, की केबिनमध्ये बसून बटण दाबायचं, झालं. या दोघांच्या धंद्यात माणसं दोनच: बाई वर केबिनमध्ये, नवरा खाली चरात पाइप जोडायला. बारा वर्षं घरातही आणि कामावरही हेच दोघं, भांडायलासुद्धा तिसरा नाही. आठ दिवसांपूर्वी तो जबडा सुटला आणि अर्ध्या टनाची बकेट चरात पडली, नवऱ्याच्या पायापासून वीतभर अंतरावर. बुटाची टाच कापली गेली. पाय वाचला, नवरा वाचला.

तेव्हापासून नवरा भेटेल त्याला तेच ऐकवत होता. "हिचा हात बारा वर्षांत चुकला नाही. माल खराब निघाला." साइटवरच्या इंजिनियरला सांगून झालं, सासऱ्याला सांगून झालं, दाढी करता करता न्हाव्यालाही सांगून झालं. आणि दर वेळी बाई काहीतरी निमित्त काढून तिथून उठत होती.

कारण माल खराब नव्हताच. त्या कपलरला बटण दाबून झाल्यावर खाली उतरून हाताने एक पिन घालावी लागायची. जबडा सुटलाच तर ती पिन बकेट अडवणार. आता दिवसातून दहा वेळा बकेट बदलायची, दहा वेळा केबिनमधून उतरायचं, चिखलात पाय घालायचा, पिन ठोकायची, पुन्हा चढायचं. पहिला महिना तिने केलं. मग एक दिवस राहिलं, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी राहिलं, तरी काही झालं नाही. पिन सीटखाली गेली ती वर्षभर तिथेच. खाली मान घालून पाइप जोडणाऱ्या माणसाला यातलं काय कळणार?

देशी कपलर घ्यायचा हट्ट तिचाच होता. कारणंही तिने पटापट मोजून दाखवली होती. कारखाना जवळ, सुटा भाग अर्ध्या दिवसात मिळतो, परदेशी कपलरच्या एका रबरी सीलसाठी दोन महिने वाट बघत मशीन उभं ठेवलेलं आपण विसरलो का? यातलं एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून तर बोलायला इतकं सोपं गेलं. खरं कारण तिने गिळलं होतं. देशी कपलरमध्ये लॉक आपोआप पडतं, हाताने पिन घालायची भानगडच नाही. एकदा तो बसला की जुना भंगारात आणि त्याच्याबरोबर तिची चूकही भंगारात. तरी आठ दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं.

आत फोरमनकाकांनी मापं घ्यायला जुना कपलर टेबलावर घेतला. केस पिकलेले, बोलणं कमी. नवरा नवीन माल न्याहाळत शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. काकांनी पिनेच्या भोकात बोट घातलं, वाळलेल्या मातीचा गोळा बाहेर काढला, आणि मग बॅटरी लावून आत बघितलं.

"ताई, मशीन कोण चालवतं?"

"मी."

"आतला रंग जेमतेम खरवडलाय. पिन रोज घासली असती तर राहिलाच नसता." काकांनी माती झटकली. "मी कुणाला काही बोलत नाही. नवीन घ्या, सुखाने काम करा. पण आमच्या मालावरही सगळं सोडू नका. बकेट धरली की जमिनीवर दाबून, ओढून बघायची, मगच उचलायची. तेवढाही कंटाळा केलात तर आमचं लॉकसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही."

म्हणजे नवीन कपलर घेऊनही वर ती तीच राहणार होती, आणि खाली तो तसाच तिच्या भरवशावर उतरणार होता.

नवरा परत आला. "काय काका, सापडला का परदेशी पाहुण्याचा दोष?"

काका मापाच्या कागदात डोकं घालून बसले.

"अहो," बाई म्हणाली, "दोष त्याचा नाही. मी पिन घालत नव्हते. वर्षभर. त्या दिवशीही नव्हती घातली."

नवऱ्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने स्वतःच्या बुटाकडे पाहिलं, मग शेजारच्या लोखंडी खोक्यावर बसला.

"आठ दिवस मी गावभर तुझी तारीफ करत फिरलो," तो म्हणाला. "एकदा तरी थांबवायचंस."

"भीती वाटली."

"मला वाटली नसेल भीती? खाली मी होतो."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याने घातल्या नाहीत.

तो काकांकडे वळला. "तुमचं लॉक पडलं की नाही, ते कळतं कसं?"

"केबिनमध्ये दिवा लागतो."

"वर लागतो. खाली मला काय दिसतं?"

काकांनी डोकं खाजवलं. तसं कुणी आजवर मागितलं नव्हतं. "लॉक पूर्ण बसलं की लाल पट्टी बाहेर येईल, असं करून देता येईल. कारखाना इथलाच आहे, दोन दिवसांत जोडून देतो."

"जोडा."

काकांनी नवीन कपलर साखळीने वर टांगला, खडू घेतला आणि पट्टी कुठे येईल ते दाखवायला बाहेरच्या अंगावर रेघ मारली. नवरा खाली उभा राहिला. "दिसतंय."

"असं नाही दिसणार," बाई मध्येच म्हणाली. "हे असे उभे नसतात. पाइप जोडताना वाकलेले असतात, आणि यांचा डावा खांदा मशीनकडे असतो. पट्टी खालच्या अंगाला घ्या, काका. मला वरून नाही दिसली तरी चालेल."

नवरा जमिनीवर उकिडवा बसला, चरात बसतो तसा, आणि मान वळवून वर पाहिलं. बाईने खडू हातात घेतला आणि जुनी रेघ पुसून खाली नवी मारली. बारा वर्षं हा माणूस तिच्या शब्दावर खाली उतरत होता, यापुढे स्वतःच्या डोळ्यांनी बघून उतरणार होता. तिला फार वाईट वाटलं, आणि ते तिने कुणापासून लपवलं नाही.

"दिसतंय का आता?" तिने विचारलं.

"दिसतंय."

"उतराल ना?"

"उतरेन," तो म्हणाला. "पण आधी बघेन."

"बघाच," ती म्हणाली. "रोज बघा."